ॲलन पेज : बचावफळीतून न्यायासनाकडे

अमेरिकन फुटबॉलमध्ये कीर्तीचा मोठा वाटा चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला मिळतो, तर दोन संघ समोरासमोर उभे राहतात त्या रेषेवर अंगाला अंग भिडवून झुंजणारे ‘लाइनमन’ बहुधा अनामच राहतात. या समजाला ॲलन पेज यांनी छेद दिला. मात्र त्यांच्या आयुष्याचे खरे मोल मैदानावरील पराक्रमाइतकेच त्यांनी शिक्षणाला आयुष्यभर दिलेल्या अग्रस्थानात आहे.

पेज यांचा जन्म ७ ऑगस्ट १९४५ रोजी ओहायो राज्यातील कॅन्टन येथे झाला. याच शहरात व्यावसायिक फुटबॉलचे ‘हॉल ऑफ फेम’ उभे राहत असताना तरुण पेज यांनी त्या बांधकामावर मजुरी केली आणि पुढे १९८८ मध्ये त्याच वास्तूत त्यांना सन्मानाचे स्थान मिळाले. नोटर डेम विद्यापीठाच्या १९६६ च्या राष्ट्रीय विजेत्या संघातून खेळून राज्यशास्त्राची पदवी घेतल्यावर १९६७ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाने त्यांची पहिल्याच फेरीत निवड केली.

पेज यांची जागा बचावफळीच्या मध्यभागी, म्हणजे ‘डिफेन्सिव्ह टॅकल’ची होती. एक हात जमिनीला टेकवून वाकलेल्या स्थितीत थांबायचे, चेंडू हलताक्षणी उसळी घ्यायची आणि समोरच्या धिप्पाड खेळाडूने पाय रोवण्याआधीच त्याला बगल देऊन क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचायचे, हे या जागेचे काम. त्यात पेज वजनापेक्षा वेगावर विसंबून राहिले. कार्ल एलर, जिम मार्शल आणि गॅरी लार्सन यांच्यासह त्यांनी उभारलेली फळी ‘पर्पल पीपल ईटर्स’ या नावाने गाजली. १९७१ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने त्यांना व्यावसायिक फुटबॉल लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरवले, आणि हा मान मिळवणारे ते पहिलेच बचावपटू होते. क्वार्टरबॅकला चेंडूसह पाडण्याची, म्हणजे ‘सॅक’ची, अधिकृत नोंद १९८२ पासून सुरू झाली आणि पेज १९८१ अखेर निवृत्त झाले, त्यामुळे त्यांच्या हातखंडा कामगिरीचा आकडा अधिकृत विक्रमांत आढळत नाही. व्हायकिंग्ज चार वेळा सुपर बोल या अंतिम लढतीत पोहोचले आणि चारही वेळा हरले, हे शल्यही त्यांच्या कारकिर्दीत राहिले.

याच काळात ते मिनेसोटा विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेत होते आणि १९७८ मध्ये त्यांनी पदवी मिळवली. लांब पल्ल्याच्या धावण्याची गोडी लागल्याने त्यांचे वजन घटले. प्रशिक्षकांना ते रुचले नाही, आणि त्याच वर्षी व्हायकिंग्जने त्यांना मुक्त केले. शिकागो बेअर्स संघाकडे गेल्यावरही ते तडफेने खेळत राहिले, तर १९७९ मध्ये मॅरेथॉन पूर्ण करणारे ते लीगचे पहिले सक्रिय खेळाडू ठरले.

निवृत्तीनंतर वकिली आणि मिनेसोटाच्या महाधिवक्ता कार्यालयातील सेवा करून त्यांनी १९९२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाची निवडणूक लढवण्याचे ठरवले. तेथे न्यायमूर्ती मतदानाने निवडले जातात. परंतु राज्यपालांनी विद्यमान न्यायमूर्तींची मुदत वाढवल्याने निवडणूकच टळण्याची चिन्हे दिसू लागली. पेज यांनी या निर्णयाला न्यायालयात आव्हान दिले, ते जिंकले आणि मग निवडणुकीतही विजयी होऊन त्या न्यायालयातील पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. तीन वेळा फेरनिवड होऊन २०१५ मध्ये सत्तरीच्या अनिवार्य वयोमर्यादेनुसार ते निवृत्त झाले.

१९८८ मधील हॉल ऑफ फेमच्या समारंभात परिचय करून देण्यासाठी त्यांनी एखाद्या प्रशिक्षकाऐवजी मिनियापोलिसमधील एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला निवडले आणि स्वतःच्या भाषणाचा रोख शिक्षणावर ठेवला. त्याच वर्षी पत्नी डायेन यांच्यासह स्थापन केलेली पेज एज्युकेशन फाउंडेशन कृष्णवर्णीय आणि अन्य अल्पसंख्य विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी साहाय्य देते. त्या बदल्यात विद्यार्थ्यांनी लहान मुलांना अभ्यासात मार्गदर्शन करावे, अशी तिची अट आहे. २०१८ मध्ये त्यांना ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हा अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. खेळातील यश सार्वजनिक जबाबदारीकडे कसे वळवता येते, याचे त्यांच्याइतके भक्कम उदाहरण व्यावसायिक क्रीडाविश्वात विरळाच.