भुरी, तापमान आणि फसवा शून्य

नाशिकच्या द्राक्षबागांतल्या माझ्या नोंदींत तापमान आणि भुरी यांचा सहसंबंध गुणांक शून्याजवळ आला, तेव्हा 'तापमानाचा संबंध नाही' असे मी एका बागायतदाराला सांगून बसलो. चूक माझीच. पिअर्सनचा गुणांक फक्त सरळ रेषा शोधतो. भुरी मात्र साधारण 20 ते 27 अंशांना फोफावते, थंडीत मंदावते आणि 35 च्या वर जवळजवळ थांबते. चढ आणि उतार एकमेकांना खोडून टाकतात. 2007 साली सेकेली, रिझो आणि बाकिरोव्ह यांनी मांडलेला 'अंतर-सहसंबंध' असा वाकडा संबंधही पकडतो. दोन राशी खरोखर स्वतंत्र असतील तरच तो शून्य होतो.

केवड्याचे, म्हणजे डाऊनीचे, गणित आणखी अवघड. पान ओले हवे आणि ऊबही हवी. एकटीदुकटी पुरत नाही. जोड्या लावून हे पुरते दिसत नाही. सातोशी वातानाबे यांचे 1960 चे माप तिन्ही राशी एकत्र घेते: प्रत्येकीच्या अनिश्चिततेची बेरीज, वजा तिघींची मिळून अनिश्चितता. उरते ते परस्परावलंबन. त्याला नोंदी मात्र भरपूर लागतात, आणि माझ्याकडे तीनच हंगामांच्या वह्या आहेत. त्या बागायतदाराला दुरुस्ती तेवढी कळवली.