ओंडक्याच्या चिरणीत पाचरीचे कार्य

‘पाचर मारणे’ हा वाक्प्रचार आपण अडथळा आणणे या अर्थी योजतो. लाकूड चिरण्याच्या गिरणीत मात्र पाचर अडथळा टाळण्यासाठीच घालतात. पंचतंत्रातील ‘मित्रभेद’ या तंत्रात अर्धवट फाडलेल्या लाकडातील खैराची पाचर उपटून प्राणास मुकलेल्या वानराची कथा आहे. फाडलेले लाकूड पुन्हा मिटू पाहते, हे ज्ञान त्या कथेत गृहीतच आहे.

करवतीची चीर मिटण्याची प्रमुख कारणे दोन. पहिले कारण भार. आडव्या पट्टा-करवतीची चीर अवघी २ ते ३ मिमी रुंद असते. पाते पुढे सरकले की वरची जाड फळी मागे निराधार होऊन खाली लवते. दुसरे कारण, वाढीच्या काळात खोडात साठलेले ताण. सामान्यतः खोडाचा बाह्य भाग लांबीच्या दिशेने ताणलेला असतो. म्हणून सुटलेली फळी सालीकडे वाकते व चीर उघडते. परंतु कललेल्या सूचिपर्णी वृक्षाच्या खालच्या अंगास बनणारे काष्ठ दाबाखाली असते. त्या अंगाची फळी सुटताच बाहेरून लांबते, गाभ्याकडे वाकते आणि पाते चिमटीत सापडते. मग पाते तापते, मार्ग सोडते व फळीची जाडी असमान होते. पाते तुटल्यास कामगारासही धोका संभवतो.

१:१० उताराची पाचर १ सेंमी आत गेली की चीर १ मिमी उघडते. तिचा कोन सुमारे ६ अंश असतो. लाकडांमधील घर्षणगुणांक ०.२५ इतका अल्प धरला, तरी घर्षणकोन १४ अंश येतो. पाचरीचा कोन याच्या दुपटीहून, म्हणजे २८ अंशांहून, कमी असेतोवर ती दाबाने निसटत नाही.

यावरून कार्यपद्धतीचे नियम निघतात. पाते पुरेसे पुढे गेल्यावर यंत्र थांबवावे व पात्याच्या मागे, दोन्ही बाजूंस सारख्या जाडीच्या पाचरी बसवाव्यात. एकाच बाजूस बसविल्यास फळी पिळवटते. लांब ओंडक्यात काही अंतराने नव्या जोड्या घालाव्यात. पाचर लाकडाची वा प्लॅस्टिकची असावी, म्हणजे चुकून स्पर्श झाला तरी दाते बोथट होत नाहीत. ती हलक्या हाताने बसवावी. जोराने ठोकल्यास पात्याच्या पुढे लाकूड तडकते आणि जी फळी वाचवावयाची तीच वाया जाते. कापण्याचे काम पात्याचे आहे; पाचरीने केवळ कापलेली जागा राखावयाची असते.