रिमच्या पाठीवरचा आकडा

विद्यानगरात ज्यांची हयात गेली, त्यांना वाहनवेड्या तरुणांचे नवल वाटत नाही. १९४७ साली स्थापन झालेले आणि २०१५ पासून के. एल. ई. तंत्रज्ञान विद्यापीठ म्हणून ओळखले जाणारे भूमरड्डी अभियांत्रिकी महाविद्यालय याच वस्तीत आहे. संध्याकाळी फाटकाशी उभे राहिले की तऱ्हेतऱ्हेचे आवाज काढीत जाणारी वाहने दिसतात, आणि आम्ही वडीलकीच्या अधिकाराने मान हलवून आत येतो. पण ही लागण आमच्याच घरात झाली, तेव्हा नुसती मान हलवून भागेना.

धाकट्या बंधूंचे चिरंजीव शिक्षणासाठी आमच्याकडे राहिले आणि पुढे हुबळीतच नोकरीस लागले. दोन वर्षांच्या बचतीत वडिलांची थोडी भर घालून त्यांनी पुण्याहून एक जुनी फोक्सवॅगन पोलो जीटी आणली. २०१३ साली आपल्याकडे आलेली ही गाडी चाकणच्या कारखान्यात तयार होत असे. तेथील पोलोचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले. पाच माणसे बसणाऱ्या या गाडीला स्पोर्ट्स कार म्हणावे की नाही, यावर आमच्या जेवणाच्या टेबलावर बराच खल झाला. बाराशे सीसीच्या इंजिनातून टर्बोच्या जोरावर १०५ अश्वशक्ती काढणारी गाडी आमच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या मानाने तुफानच. तेव्हा आम्ही माघार घेतली.

पुतण्याला मात्र एक गोष्ट खुपत होती. गाडीची चाके १५ इंची होती, आणि त्याच्या मते ती 'लहान दिसत' होती.

आमच्या पिढीने टायरच्या मापाचा विचार कधी केला नाही. पद्मिनीला ५.२०-१४, अ‍ॅम्बॅसिडरला ५.९०-१५, दुकानात गाडीचे नाव सांगितले की दुकानदार माळ्यावरून नेमका टायर काढून देई. त्यामुळे पुतण्या एका रविवारी १७ इंची चकचकीत अलॉय चाके आणि २१५/४५ आर १७ मापाचे टायर बसवून घरी आला, तेव्हा आम्ही त्या चाकांचे कौतुकच केले, हे येथे कबूल केले पाहिजे. मागचे चाक मडगार्डच्या काठाशी आले होते. त्याबद्दल विचारले, तर दुकानातील मेस्त्रीने दिलेले उत्तर त्याने त्याच कानडीत ऐकवले : "स्वल्प टच आगतद्री, एनू आगंगिल्ल." थोडे टेकेल, पण काही होणार नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी आम्ही कवळ्याच्या शांतादुर्गेच्या दर्शनास निघालो. पुढे पुतण्या व आम्ही. मागे आमची आई, वहिनी आणि सौ. डिकीत सामान. कलघटगीच्या गतिरोधकांवर मागून 'खर्र' असा आवाज आला, तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, ते तेवढे व्हायचेच." यल्लापूर मागे टाकून आम्ही अरबैल घाट उतरू लागलो. वळणे सुरू झाली तसा तो आवाज दर वळणावर येऊ लागला, आणि मग ८१ वर्षांची आमची आई म्हणाली, "अरे, रबर जळल्यासारखा वास येतोय. थांबव बघू गाडी."

तो वास आमच्याआधी तिला आला, हे आमचे भाग्य. डाव्या मागच्या टायरचा बाहेरचा खांदा मडगार्डच्या आतल्या कडेने सुरीने कापावा तसा गोलाकार कापला होता आणि आतले धागे दिसू लागले होते. एका बाजूस दरी, दुसरीकडून मालाने भरलेले ट्रक वर येत होते. घाट उतरून तळाशी जाईपर्यंत तो टायर टिकला असता की नाही, या प्रश्नाचा विचार आम्ही त्या वेळी केला नाही; रात्री अंथरुणावर पडल्यावर केला.

स्टेपनी होती. जॅक होता. पाना होता. चाक उतरवून स्टेपनी लावू गेलो, आणि येथे आम्हांला दुसरा धडा मिळाला. या गाडीच्या हबला नट नसतात. बोल्ट बाहेरून आत पिळावे लागतात. मूळ बोल्टच्या डोक्याखालचा भाग वाटीच्या बुडासारखा गोल असतो आणि मूळ चाकाच्या भोकातील बैठकही तशीच गोल असते. बाजारातून आणलेल्या चाकांची बैठक मात्र नरसाळ्यासारखी निमुळती होती, म्हणून दुकानदाराने त्यांच्याबरोबर निमुळते बोल्ट दिले होते. स्टेपनी मूळची, तिला गोल बोल्टच हवेत. आणि ते वीसच्या वीस बोल्ट विद्यानगरातील घरी, माळ्यावर, जुन्या चाकांशेजारी एका पिशवीत सुखरूप होते! निमुळता बोल्ट गोल बैठकीत पिळता येतो, घट्टही वाटतो. पण दोघांचा स्पर्श एका बारीक रेषेपुरताच होतो आणि चालत्या गाडीत तो सैल पडू शकतो. अभियांत्रिकीची पदवी येथे उपयोगी पडली. पुतण्याने ते बोल्ट लावण्यास साफ नकार दिला.

बायकामंडळींना वर जाणाऱ्या एका बसमध्ये बसवून यल्लापूरला पाठवले. गाडी रिकामी झाल्यावर मागची बाजू उचलली गेली आणि टायर मडगार्डपासून सुटला. तेच चाक पुन्हा चढवून आम्ही दोघे पायी चालणाऱ्याच्या वेगाने, कडेकडेने यल्लापूरपर्यंत परतलो. पुतण्या बसने हुबळीस जाऊन बोल्ट घेऊन येईपर्यंत दिवस मावळला. तोपर्यंत आई एका खाणावळीच्या बाकावर जपमाळ ओढीत बसली होती. दर्शन राहिले ते राहिलेच.

घरी परतल्यावर पुतण्या दोन दिवस कोणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तो वही, मोजपट्टी आणि कॅलिपर घेऊन पडवीत बसला आणि आम्हांला हाक मारली. पुढे जे लिहीत आहोत ते त्या वहीतले आहे.

टायरवरील मापाचा अर्थ प्रथम पाहू. १८५/६० आर १५ यात १८५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ६० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या साठ टक्के, अर्थात १११ मि.मी.; आर म्हणजे रेडियल बांधणी; आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास. दोन भिंती आणि रिम मिळून चाकाचा पूर्ण व्यास होतो ६०३ मि.मी. याच गाडीच्या स्वस्त आवृत्तीला १७५/७० आर १४ हे टायर असत. त्यांचा व्यास काढला तर ६००.६ येतो. रिम एक इंचाने वाढली, पण भिंत तेवढीच उतरवून कंपनीने पूर्ण व्यास जवळजवळ तोच राखला. पूर्ण व्यासात मूळ मापापेक्षा तीन टक्क्यांहून अधिक फरक पडू देऊ नये, असा या व्यवसायातील रूढ संकेत आहे. आमच्या २१५/४५ आर १७ चा व्यास भरला ६२५ मि.मी., म्हणजे ३.७ टक्के जास्त. गाडीचा काटा शंभर दाखवील तेव्हा चाक शंभराहून अधिक वेगाने पळत असेल, हा त्याचा एक परिणाम.

पण पुतण्या म्हणाला, "काका, एवढ्याने टायर कापला नाही. व्यास २२ मिलिमीटरने वाढला म्हणजे वरच्या बाजूला ११ मिलिमीटरच वाढले. खरा गुन्हेगार दुसराच आहे." त्याने चाक उलटे करून रिमच्या पाठीवर ओतलेला एक बारीक आकडा दाखवला : ईटी २५. मूळ चाकाच्या पाठीवर होता ईटी ४०.

या आकड्याला ऑफसेट म्हणतात. रिमच्या रुंदीच्या मधोमध एक रेषा कल्पावी. चाक हबला जेथे टेकते ती जागा या रेषेपासून किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूस आहे, ते हा आकडा सांगतो. आकडा मोठा असेल तर चाक गाडीच्या पोटात जाते. लहान असेल तर बाहेर डोकावते. मूळ चाक ६ इंच रुंद, म्हणजे निम्मी रुंदी ७६ मि.मी.; त्यातून ४० वजा केले की हबपासून बाहेरची कड ३६ मि.मी.वर येते. नवे चाक साडेसात इंच रुंद. निम्मे ९५, वजा २५, म्हणजे ७०. बाहेरची कड ३४ मि.मी. पुढे सरकली होती, सव्वा इंचाहून जास्त! आतल्या बाजूला मात्र जेमतेम ४ मि.मी.चा फरक. सारी वाढीव रुंदी मडगार्डच्या काठाकडे गेली होती. मागे तीन माणसे बसून स्प्रिंग दबल्या की तो काठ टायरवर उतरणारच. तेच चाक ७ इंच रुंद आणि ४६ ऑफसेटचे असते, तर बाहेर अवघे ७ मि.मी. गेले असते आणि आत १९. अर्थात आतही शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि ब्रेकची नळी असते, तेव्हा तिकडची जागाही मोजावीच लागते.

दुकानात आपण काय विचारतो? किती इंची, किती रुंद, केवढ्याला. पाठीवरचा आकडा कोणी विचारीत नाही. चाक भिंतीवर टांगलेले असते आणि आकडा भिंतीकडे असतो.

वहीत आणखीही बरेच होते. बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास, ज्याला बाजारात पीसीडी म्हणतात, तो या गाडीला पाच बोल्टांचा आणि १०० मि.मी. आहे. पाच भोकांच्या चाकात शेजारशेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधील अंतर मोजून त्याला १.७ ने गुणले की तो मिळतो, ५८.८ चे होतात १००. फियाट पॅलिओचे वर्तुळ चार बोल्टांचे आणि ९८ मि.मी.चे; त्यावर १०० चे चाक दडपून बसवणारे महाभाग आहेत. दोनच मिलिमीटर तर आहेत, असे त्यांचे म्हणणे असते. मधले मोठे भोकही तपासावे लागते. पोलोच्या हबचा व्यास ५७.१, तर अनेक गाड्यांना चालावीत म्हणून बनवलेल्या चाकांचे भोक बहुधा ७३.१ असते. मधली फट योग्य मापाच्या कड्याने भरली नाही तर चाक नेमके मध्यावर बसत नाही, आणि ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते. आमच्या चाकांत ती कडी होती. तेवढे श्रेय त्या दुकानाला दिले पाहिजे.

टायरवर मापापुढे छापलेला आकडा भार सांगतो. मूळ टायरचा ८४, म्हणजे दर चाकी ५०० किलो. व्यास नेमका जुळावा म्हणून कोणी २१५/४० आर १७ घेऊ म्हणेल. पण त्याच्या साध्या प्रकारावर ८३ छापलेले असते, म्हणजे ४८७ किलो. टायर दिसायला दांडगा आणि वाहायला मूळच्यापेक्षा दुबळा! शिवाय त्याची भिंत ८६ मि.मी.ची. हुबळी-धारवाडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा रस्ता उखडते. येथे खड्ड्याचा तडाखा भिंतीने झेलावा लागतो. ती तोकडी असली की तो रिमवर जातो.

कायद्याचे थोडक्यात सांगायचे तर, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असा फेरबदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही तरतूद काटेकोरपणे लावली आहे. अपघातानंतर विमा कंपनीशी हुज्जत घालण्यापेक्षा गाडीवर छापलेल्या मापांच्या तक्त्याजवळ राहणे बरे.

'लहान दिसणाऱ्या' चाकांविषयी आम्हीही थोडे वाचन केले. १९८९ साली आलेली माझदा एमएक्स-५ ही दोन आसनी गाडी. तिच्या दहा लाख गाड्या २०१६ च्या एप्रिलपर्यंत तयार झाल्या. खपात उघड्या टपाची कोणतीही दोन आसनी स्पोर्ट्स कार तिच्याजवळ पोचलेली नाही. तिला सुरुवातीस टायर होते १८५/६० आर १४, म्हणजे आमच्या पोलोइतकेच रुंद आणि रिम तर एक इंच लहान! साठीच्या दशकातील पोर्शे ९११ ही १६५ मि.मी.च्या टायरांवर धावत असे. हे पुतण्यास ऐकवले, तेव्हा तो हसला, घाटानंतर प्रथमच.

आमचे मत मूळ १५ इंची चाके परत चढवावीत असे होते. पुतण्याने तडजोड काढली. याच गाडीला कंपनीने २०१७ पासून १९५/५५ आर १६ टायर दिले होते. त्यांचा व्यास ६२१ मि.मी., मूळ मापाच्या तीन टक्क्यांच्या जेमतेम आत. भिंत १०७ मि.मी., मूळच्यापेक्षा केवळ चारच कमी. भाराचा आकडा ८७, म्हणजे ५४५ किलो. चाके कंपनीचीच, तेव्हा ऑफसेट, हबचे भोक आणि बोल्टची बैठक जुळवण्याचा प्रश्नच नाही, आणि तेच गोल बोल्ट स्टेपनीलाही चालतात. पुण्याहून तशी चार वापरलेली चाके मिळाली. नवे टायर घेताना त्याने भिंतीवरचे चार अंकही पाहिले. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. चाके बसवल्यावर मागच्या आसनावर आम्ही, सौ. आणि शेजारचे वकीलसाहेब असे तीन वजनदार इसम बसलो, डिकीत तांदळाची पोती टाकली, आणि पुतण्याने मडगार्डखाली चारही बाजूंनी हात घालून पाहिला. मग स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून उणकल तलावापर्यंत एक फेरी झाली. बोल्ट टॉर्क पान्याने १२० न्यूटन-मीटरला आवळले होते. शंभर किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासले.

१७ इंची चाकांना दुकानदाराने निम्मी किंमतही देऊ केली नाही. ती माळ्यावर आहेत.

फेब्रुवारीत आम्ही पुन्हा कवळ्यास निघालो, तीच पाच माणसे आणि तेवढेच सामान. अरबैल घाटात त्याच वळणापाशी पुतण्याने गाडी बाजूला घेतली, खाली उतरला आणि डाव्या मागच्या चाकावर हात फिरवून आला. "काय रे?" आईने विचारले. "काही नाही आजी," म्हणून त्याने गाडी सुरू केली. दुपारच्या आरतीला आम्ही देवळात होतो.

कापलेला टायर आईने टाकू दिला नाही. मागच्या अंगणात त्यात माती भरून तिने अळू लावले आहे, आणि ते चांगले फोफावले आहे.