राजीनाम्यानंतरची पगारवाढ

जव्हार-मोखाड्याकडे दिवाळी झाली की मुकादमांच्या फेऱ्या सुरू होतात. भाताची कापणी उरकलेली असते, नाचणी-वरईचे दाणे घरात येऊन पडलेले असतात आणि ते होळीपर्यंत काही पुरावयाचे नाहीत, हे घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. मुकादम पाड्यावर येतो, ओटीवर बसतो, कोरा चहा पितो आणि बयाण्याच्या नोटा मोजून देतो. मग नवराबायको, मुले, भांडीकुंडी आणि असल्या तर दोन कोंबड्या असा सगळा संसार ट्रकमध्ये चढतो आणि भिवंडी, वसई, वाडा, कल्याण या बाजूंच्या वीटभट्ट्यांवर जातो तो पावसाच्या तोंडाशी परत येतो.

मीही याच मुलखातला. वडील खोडाळ्याकडच्या एका पाड्यावर शिक्षक होते. चौथीपर्यंत त्यांच्याच हाताखाली शिकलो, पुढे जव्हारला हायस्कूल आणि त्याहून पुढे इंजिनिअरिंग. बारा वर्षे मी ऐरोलीला एका कंपनीत होतो. काम असे की, एका बँकेचे सॉफ्टवेअर रात्रंदिवस चालते ठेवावयाचे. लोक झोपलेले असताना बँकेचे दिवसभराचे हिशेब आत कोठेतरी चालू असतात. ते अडले की रात्री दोन वाजता आमचा फोन वाजतो.

गेल्या वर्षी दसरा झाल्यावर मी राजीनामा दिला. कारण साधे होते. त्याच्या आदल्या श्रावणात बाबांच्या छातीत रात्री दुखू लागले. शेजाऱ्यांनी त्यांना जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात नेले व तेथून पुढे नाशिकला. आईने मला अकरा फोन केले. मी त्या वेळी बँकेच्या लोकांबरोबर दुसऱ्या फोनवर अडकलेलो होतो. बाबा बरे झाले. पण त्या अकरा फोनांची नोंद माझ्या मोबाइलवर तशीच राहिली. रात्रपाळीतून मला काढा, असा अर्ज मी त्याआधी दोन वर्षांत तीनदा केला होता. तिन्ही वेळा उत्तर एकच मिळाले: ‘सध्या माणूस नाही.’ अशात नाशिकच्या एका लहानशा कंपनीचे बोलावणे आले. दिवसपाळी आणि आठवड्यातून दोनच दिवस कचेरीत हजेरी. जव्हारहून मोखाडा, तोरंगण घाट, त्र्यंबकेश्वर असे गेले की नाशिक ऐंशीएक किलोमीटर पडते. ऐरोलीपेक्षा ते सर्वच दृष्टींनी जवळ होते.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांना सांगावयाचे म्हणजे, आमच्याकडे राजीनामा दिला की खरी बोलणी सुरू होतात. नव्वद दिवसांची नोटीस असते. त्या तीन महिन्यांत नवी कंपनी तुमची वाट पाहते आणि जुनी तुमचा भाव ठरवते. जुन्या कंपनीने ‘जाऊ नका, एवढे एवढे देतो’ म्हणणे, याला काउंटर ऑफर म्हणतात. शाळिग्रामी मराठीत ‘प्रतिदेकार’ म्हणता येईल. पण तसे म्हटले तर आमच्या कचेरीत कोणाला कळणार नाही.

2022 साली या प्रतिदेकारांचा नुसता पाऊस पडला होता. माणसे कशी पळत होती पाहा: त्या वर्षीच्या जूनअखेर मागील बारा महिन्यांत 28.4 टक्के लोक सोडून गेले, असे एकट्या इन्फोसिसने जाहीर केले. मार्च 2024 पर्यंत तोच आकडा 12.6 वर उतरला. म्हणजे आता पूर्वीसारखी कोणी कोणाची मनधरणी करीत नाही. केली, तर मनधरणी करणाऱ्याची निकड मोठी आहे असे समजावे.

माझी मनधरणी झाली. माझा पगार वर्षाला 19 लाख होता, नाशिककर 22 देणार होते. आठ दिवसांनी मॅनेजरांनी मला आत बोलावले, दार लावले आणि 25 लाखांचा कागद पुढे केला. माणूस वाईट नव्हता. माझ्या लग्नाला आलेला होता. त्याने खरोखरच वरच्यांशी भांडून तो आकडा मिळवला असणार. खोटे कशाला सांगू, त्या क्षणी मला गुदगुल्या झाल्या. बारा वर्षांत ज्यांनी कधी दोन टक्के सुखासुखी वाढवले नाहीत, त्यांना आठवड्यात सहा लाख सापडले!

तो कागद घेऊन मी दिवाळीला जव्हारला आलो. बाबांनी चष्मा लावला आणि पूर्वी मुलांच्या वह्या तपासत तसा तो तपासला. तपासता तपासता त्यांनी तीन ठिकाणी रेघ मारली.

पहिली रेघ 25 वर. त्यांतले 3 लाख ‘रिटेन्शन बोनस’ म्हणून एकदाच मिळावयाचे होते. ते वजा केले की ऐरोली आणि नाशिक दोघेही 22 वर येऊन उभे राहिले. दुसरी रेघ त्या 22 वर. त्यांतले दीड लाख कंपनीच्या नफ्यावर आणि वरिष्ठांच्या मर्जीवर अवलंबून होते. नाशिकच्या पत्रात अशी टांगती रक्कम 80 हजारांची. म्हणजे खात्रीचा पगार पाहिला तर नाशिकच थोडे पुढे. तिसरी रेघ सर्वांत खाली, बारीक अक्षरांवर. दीड वर्षाच्या आत नोकरी सोडली तर बोनसची पूर्ण रक्कम परत करावी लागेल, असे तेथे लिहिले होते. आता या तीन लाखांवर आयकर आधीच कापला जाणार; माझ्या उत्पन्नाला तो कापून हाती सव्वादोन लाखांहून कमीच पडणार. घ्यावयाचे सव्वादोन आणि फेडावयाचे तीन!

‘अरे, हा तर बयाणा,’ बाबा म्हणाले.

मी त्यांना म्हटले, असल्या अटी कोर्टात टिकत नाहीत. आमच्या कचेरीत सगळे असेच म्हणतात. त्याचा आधार 1872 च्या करार कायद्यातले 27 वे कलम. कोणाच्या धंद्यास वा उपजीविकेस आडकाठी करणारा करार निरर्थक, असे ते सांगते. नोकरी सोडल्यावर अमुक कंपनीत जाऊ नका, असल्या अटींना ते चांगले लागू पडते. परंतु मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या एका प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध धरली. तेव्हा ‘सही करून टाक, पुढचे पुढे’ हा आमच्या कँटीनमधला सल्ला मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी बाबांचा एक जुना विद्यार्थी घरी आला. तो आणि मी पहिली ते चौथी एका सतरंजीवर बसलेले. त्याचे नाव येथे घालीत नाही. दरवर्षी तो बायकोसह भट्टीवर जातो. यंदा जाणार नाही, असे त्याने मुकादमाला सांगितले होते. मालकाने निरोप धाडला: बयाणा वीस हजारांचा तीस हजार करतो.

‘मग?’ मी विचारले.

‘मग काय? पैसे तर तो वाढवतोच रे, मी जात नाही म्हटल्यावर. मी म्हटलं, बयाणा वीसच दे. पण दर आठवड्याला विटा मोजून चिठ्ठी देत जा. तर मुकादम हसला. म्हणाला, चिठ्ठीचं मालकाला विचारावं लागेल.’

भट्टीचा हिशेब असा असतो की, हजार विटांमागे दर ठरतो, आठवड्याला खर्ची मिळते ती जेवणापुरती, आणि बाकीचे हंगाम संपताना. बयाणा, खर्ची, आजारपणात घेतलेले, सगळे वजा होऊन काय उरते ते मालकाच्या वहीत. मजुराजवळ वही नाही. पहाटेच्या आधी मातीत उतरून त्याने किती विटा पाडल्या, हे त्याला स्वतःलाच जूनपर्यंत आठवत राहावे लागते.

बाबांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, ‘तुझा मॅनेजर आणि याचा मुकादम एकाच शाळेत होते काय रे?’

येथे एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे. आमच्या या जुन्या ठाणे जिल्ह्यात ‘लग्नगडी’ नावाची रीत होती. लग्नासाठी जमीनदाराचे पैसे घ्यावयाचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्याकडे राबावयाचे. ते फिटत नसत. 1945 साली उंबरगाव-डहाणूकडच्या वारल्यांनी किसान सभेच्या झेंड्याखाली याविरुद्ध उठाव केला. गोदावरी परुळेकर त्यांत आघाडीवर होत्या. 1976 साली वेठबिगारी बंद करणारा कायदा झाला. तरीही 2021 साली मोखाडा तालुक्यात पाचशे रुपयांच्या उसनवारीपायी एका माणसाला राबवून घेतल्याचा गुन्हा पोलिसांत नोंदवला गेला. 25 लाखांचा कागद खिशात असलेल्याने त्या दुःखाशी आपली तुलना करणे हा चावटपणा होईल. मला नाही म्हणता येत होते, कारण नाशिकचे दुसरे पत्र माझ्याजवळ होते. माझ्या सोबत्याजवळ दुसरे पत्र नव्हते, आणि घरावर कौले घालावयाची राहिली होती. त्याने तीस हजार घेतले. चिठ्ठीवाचून घेतले.

परंतु त्याचे एक वाक्य मी घेऊन गेलो. पैसे तर तो वाढवतोच. तेव्हा पैशांखेरीज आपण काय मागितले होते, ते पुन्हा मागून पाहावे. ऐरोलीला परतल्यावर मी मॅनेजरांना लेखी कळवले की, मला 25 नकोत, बोनसही नको. नाशिकएवढाच पगार द्या. मात्र तीन गोष्टी पत्रात लिहून द्या: रात्रपाळी बंद, माझे काम शिकलेला दुसरा माणूस तीन महिन्यांत तयार, आणि आठवड्यातले दोन दिवस घरून काम. यांतली एकही गोष्ट कंपनीला सहा लाखांची नव्हती.

चार दिवसांनी उत्तर आले. आणखी एक लाख बसवता येईल. बाकीचे मार्चनंतर पाहू.

मार्च का, हे मला ठाऊक होते. बँकेचा करार मार्चमध्ये नव्याने व्हावयाचा होता. तोपर्यंत मी जागेवर असणे कंपनीला आवश्यक होते. त्यानंतर मी हवा होतो की नाही, ते कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

कोणी म्हणेल, काउंटर ऑफर घेणारे सगळे मूर्खच काय? मुळीच नाही. माझ्याच विभागात एक बाई होत्या. त्यांच्या हाताखाली नव्याने आलेल्या मुलाला त्यांच्यापेक्षा जास्त पगार मिळत होता, एवढीच त्यांची तक्रार. त्यांनी राजीनामा दिला, कंपनीने मूळ पगारच वाढवला, बोनस नाही, अट नाही. त्या राहिल्या आणि आजही मजेत आहेत. दुखणे पैशाचे असेल तर पैसा हे औषध आहे. मला राग येतो तो निराळ्याच गोष्टीचा. ‘अशी ऑफर घेणारे शंभरांतले ऐंशी सहा महिन्यांत जातातच’, असे एक वाक्य नोकरी लावून देणारे दलाल येता-जाता फेकीत असतात. आधार विचारा, कोणी दाखवीत नाही. तुम्ही नव्या कंपनीत गेल्याशिवाय त्यांची दलाली त्यांना मिळत नाही, हे मात्र लक्षात असू द्यावे.

आणि नव्या कंपनीचाही कागद तितक्याच बारकाईने वाचावा. रुजू होण्याची तारीख, टांगती रक्कम, सोडण्याची नोटीस, तिथल्या अटी. आमच्या सौभाग्यवतींनी नाशिकच्या पत्रातही एक जागा शोधून काढली: आठवड्यातले दोन दिवस ‘सध्या’ असे त्यात होते. मी तो शब्द काढून घेतला. त्यासाठी दोन फोन करावे लागले, एवढेच.

नोटिशीचे उरलेले दिवस मी काम नीट लिहून ठेवण्यात घालवले. कोणता हिशेब रात्री कोठे अडतो, अडला की काय करावयाचे, अशी साठएक पाने झाली. निरोपाच्या दिवशी मॅनेजरांनी पेढे वाटले. माझ्या जागी दोन माणसे घेतल्याचे मागाहून समजले.

आता नाशिकला बिऱ्हाड आहे. मुलीची शाळा बदलली, त्यावर तिने पंधरा दिवस अबोला धरला. शुक्रवारी दुपारी निघालो की दिवेलागणीला जव्हारच्या ओटीवर. पावसाळ्यात वीज गेली की इंटरनेटही जाते, तेव्हा तिथून काम करण्याचे मनसुबे मी चार महिने बाजूला ठेवतो. पगाराच्या आकड्यात तीन लाख कमी आहेत, आणि घराचा हप्ता भरताना ते दर महिन्याला आठवतात, हेही लिहून ठेवतो.

माझ्या सोबत्याची गोष्ट तेवढी राहिली. भट्टीवर निघण्याच्या आदल्या दिवशी बाबांनी त्याच्या बायकोला एक शंभर पानी वही आणि दोन पेन्सिली दिल्या. ती सातवी झालेली आहे. रोज रात्री चूल विझण्याआधी तिने तारीख आणि विटांचा आकडा लिहावयाचा, खर्ची मिळेल ती समोरच्या रकान्यात. मे महिन्यात हिशेबाला बसले तेव्हा तिच्या वहीत आणि मालकाच्या वहीत अकरा हजार विटांचा फरक निघाला. दोन दिवस वाद झाला, मुकादमाने आरडाओरडा केला, शेवटी मालकाने सात हजार विटा कबूल केल्या. उरलेल्या चार हजार गेल्या त्या गेल्याच.

यंदा मुकादम अजून त्यांच्या पाड्यावर आलेला नाही. येईल तेव्हा नोटा हातात घेण्याआधी वहीची गोष्ट काढावयाची, असे त्या दोघांनी ठरवले आहे. शेजारच्या तीन घरांनीही बाबांकडून वह्या नेल्या आहेत.