नागपूरचे अठरा बाइट

१९५३च्या नागपूर करारात ठरल्याप्रमाणे विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरते, आणि त्या दिवसांतल्या बातम्यांत ‘हिवाळी अधिवेशन’ हे शब्द पावलोपावली येतात. संगणकाला ही जोडी महाग पडते. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरी चिन्हाला तीन लागतात. शिवाय काना, मात्रा, वेलांटीही स्वतंत्र मोजतात. रोमन लिपीतले नागपूर ६ बाइटांत मावते, आपले १८ घेते. ‘हिवाळी अधिवेशन’ मधल्या मोकळ्या जागेसकट ४०.

म्हणूनच मराठी मजकूर जपणाऱ्याने फाइली आक्रसणारे जीझिप वापरायला शिकावे. जाँ-लू गेली आणि मार्क अ‍ॅडलर यांनी १९९२मध्ये तयार केलेले हे साधन मोफत आहे. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये त्याचे नाव, पुढे फाइलीचे नाव, की एंटर. झाले.

आत जे घडते ते फार देखणे आहे. मराठीतल्या प्रत्येक देवनागरी चिन्हाचा पहिला बाइट २२४ असतो आणि दुसरा १६४ किंवा १६५. व्यंजने, काना, ऱ्हस्व वेलांटी १६४मध्ये. दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा १६५मध्ये. खरी ओळख बहुतेक तिसऱ्या बाइटातच. डेव्हिड हफमन यांच्या १९५२च्या युक्तीनुसार वारंवार येणाऱ्या बाइटला आखूड संकेत मिळतो, त्यामुळे २२४चे ओझे हलके होते. दुसरी युक्ती झिव आणि लेम्पेल यांची, १९७७ची: येऊन गेलेला मजकूर पुन्हा लिहायचा नाही, ‘इतके मागे जा, इतके बाइट घे’ एवढेच नोंदवायचे. दुसऱ्यांदा आलेल्या ‘हिवाळी अधिवेशन’चे ४० बाइट मग जास्तीत जास्त ६ बाइटांत बसतात. फाइल उलगडली की एक अनुस्वारही हरवलेला नसतो.

मात्र जीझिप मागे पाहते ते ३२,७६८ बाइटांपर्यंतच. मराठीत ती जेमतेम अकरा-बारा हजार चिन्हे, म्हणजे कालची बातमी आज त्याला आठवेलच असे नाही. वर्षभराचा मजकूर एकत्र बांधायचा तर एक्सझेड हे तसेच दुसरे साधन घ्यावे. नेहमीच्या मांडणीत ते ८ मेगाबाइट मागे पाहते. वेळ जास्त घेते, पण संग्रहासाठी तेच योग्य.

स्कॅन केलेल्या पानांच्या जेपेग फाइलींवर यांपैकी काहीच फारसे चालत नाही, त्या आधीच आक्रसलेल्या असतात. आणि एक लक्षात ठेवा: ही दोन्ही साधने काम झाल्यावर मूळ फाइल काढून टाकतात. ती हवी असेल तर कमांडमध्ये उणे चिन्ह आणि त्याला जोडून रोमन ‘के’ लिहायला विसरू नका.