गुन्हे किती, कोटी किती?

निवडणूक लागली की उमेदवाराविषयी दोनच आकडे गावभर फिरतात: अंगावर गुन्हे किती आणि संपत्ती किती कोटींची. दोन्ही येतात त्याच्याच प्रतिज्ञापत्रातून, म्हणजे 'नमुना २६' मधून. कागद कामाचा आहे. पण वाद घालणाऱ्यांपैकी तो उघडून पाहतात थोडेच.

'गुन्हे दाखल असताना याला उभं कसं राहू दिलं?' हा ठरलेला सवाल. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ नुसार अपात्रता येते ती दोषी ठरल्यावर, आणि बहुतेक गुन्ह्यांत किमान दोन वर्षांची शिक्षा झाली तरच. आरोपपत्रानं उमेदवारी अडत नाही. शिवाय गुन्ह्यांची नुसती संख्या फसवी असते. जमावबंदी मोडून रास्ता रोको करणाऱ्या कार्यकर्त्यावर दहा गुन्हे असू शकतात. दुसऱ्यावर एकच, पण खुनाच्या प्रयत्नाचा. यादीत मात्र पहिलाच वरच्या नंबरावर! म्हणून कलमं वाचावीत आणि आरोप निश्चित झालेत का, तो रकानाही. झाले असतील तर खटला चालवण्याजोगं काहीतरी आहे, असं निदान न्यायालयाला वाटलेलं असतं.

उलट बाजूच्या समर्थकांचा भ्रम वेगळा: 'जामीन झाला, म्हणजे साहेब सुटले.' जयललितांना सप्टेंबर २०१४ मध्ये शिक्षा झाली आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं जामीन दिला. तरी मुख्यमंत्रिपदी त्या परतल्या मे २०१५ मध्ये, कर्नाटक उच्च न्यायालयानं निर्दोष ठरवल्यावर. राहुल गांधींनाही सुरतेत जामीन मिळाला होता. खासदारकी परत आली ती ऑगस्ट २०२३ मध्ये दोषसिद्धीलाच स्थगिती मिळाली तेव्हा. २०१३ पूर्वी विद्यमान सदस्यानं तीन महिन्यांत अपील केलं की खुर्ची शाबूत राहायची. लिली थॉमस खटल्याच्या निकालानं ती सोय संपवली.

आता पैसा. 'पाच वर्षांत संपत्ती दुप्पट, म्हणजे खाल्लेच.' खाल्लेही असतील, पण एवढ्यावरून ते कळत नाही. जमिनीची किंमत चालू बाजारभावानं लिहायची असते. वडिलोपार्जित शेताशेजारून रिंगरोड आखला गेला की आकडा आपोआप फुगतो. वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित मालमत्तेचे रकाने वेगळे असतात, खरेदीची तारीख आणि किंमतही दिलेली असते. मी तरी आधी पाच वर्षांचं प्राप्तिकर विवरणातलं उत्पन्न पाहीन आणि त्या काळातली नवी खरेदी त्याच्याशेजारी ठेवीन. मेळ बसला नाही, तर प्रश्न विचारायला जागा आहे.

ठेकेदारानं निवडणूक लढवू नये असा सरसकट कायदा नाही. कलम ९अ आड येतं ते उमेदवारानं स्वतः संबंधित सरकारशी केलेलं माल पुरवठ्याचं किंवा बांधकामाचं कंत्राट चालू असेल तर. ठेका पत्नीच्या नावावर असला तर सहसा अडत नाही. मात्र २०१८ च्या लोकप्रहरी निकालानंतर अशी कंत्राटंही प्रतिज्ञापत्रात लिहावी लागतात. व्यवसायाबद्दलची खरी माहिती बहुधा याच रकान्यात सापडते.

आणि हे सगळं निवडणूक निर्णय अधिकाऱ्यानं तपासलेलं असतं? नाही. रकाने कोरे नाहीत ना, एवढं तो पाहतो. लिहिलेलं खरं की खोटं याची चौकशी छाननीत होत नाही. खोटी माहिती दिल्यास कलम १२५अ खाली जास्तीत जास्त सहा महिने कैद, किंवा नुसता दंड. शिक्षा दोन वर्षांच्या आतली, त्यामुळे तिच्यापायी अपात्रता येत नाही. ती वाढवून अपात्रतेशी जोडावी, असं विधी आयोगानं २०१४ मध्येच सुचवलं होतं.