निळी रेषा, लाल रेषा

पुण्यात नदीकाठच्या जमिनीचा वाद निघाला की बोट नकाशावरच्या दोन रेषांकडे जाते. 25 वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची हद्द ती निळी रेषा, 100 वर्षांतल्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात अटींसह मुभा. या रेषा आखतो जलसंपदा विभाग, बांधकाम परवानगी देते महापालिका.

मुठा नदीसाठी निळ्या रेषेचा हिशेब 60 हजार क्युसेकचा, लाल रेषेचा एक लाखाचा. तो कागदावर चोख आहे. पण 25 जुलै 2024 रोजी खडकवासला धरणातून सुमारे 35 हजार क्युसेक पाणी सोडले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. तळमजल्यावरच्या लोकांना बोटीतून बाहेर काढावे लागले.

मग प्रश्न आला: नदीचे पात्र पूर्वीइतके रुंद उरले आहे का?

मुळा, मुठा आणि मुळा-मुठेच्या मिळून सुमारे 44 किलोमीटर काठावरचा सुशोभीकरण प्रकल्प याच प्रश्नात अडकतो. पूर्वी साचलेला राडारोडा काढल्याने पाण्याला उलट जास्त वाट मिळेल, असे महापालिका म्हणते. बंधारे आणि भरावाने पात्र आवळले जाईल, हा पर्यावरण कार्यकर्त्यांचा आक्षेप; झाडे तोडण्यालाही त्यांचा विरोध आहे.

पात्रातल्या बांधकामाला चाप बसल्याचे उदाहरणही शहरातच आहे. विठ्ठलवाडीजवळ मुठेच्या पात्रात घातलेला रस्ता राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 मध्ये रोखला.